किरकोळ विभागातले खून

आंबिवलीहून एक पत्र आलं होतं आणि मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. ही गोष्ट मी दोन दिवाळ्या मनात बाळगून होतो.

कल्याणमधल्या एका जुन्या वाचनालयाचा मी मानद कार्यवाह आहे. मानद म्हणजे पगार नाही, आणि पगार नसल्यामुळे काढूनही टाकता येत नाही. त्यामुळे मी टिकून आहे. येणारं प्रत्येक पत्र आवकमध्ये चढवणं, समितीच्या सभेत वाचून दाखवणं आणि उत्तर पाठवणं हे माझं काम. त्यातलं पहिलं मी चोख करतो.

पत्र एकच पान होतं, संगणकावर छापलेलं.

‘माझं नाव प्रीती वाघमारे. मला दिसत नाही. पूर्वी दिसायचं, त्यामुळे वाचायची सवय लागली आणि ती काही जात नाही. माझा भाऊ प्रेम आपल्या वाचनालयातून माझ्या नावावर पुस्तकं आणतो आणि मला वाचून दाखवतो. तो छान वाचतो. पण निवडतोही तोच. गेलं वर्षभर मी थोर माणसांची चरित्रं ऐकते आहे. सगळे लहानपणी दिव्याखाली अभ्यास करतात. मला एखादा तरी खून असलेलं पुस्तक हवं आहे. माझ्या ऑफिसातला संगणक पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो. हे करणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर कोणालाही मोफत मिळतं. आपल्याकडे वाचकांसाठी ठेवलेल्या दोन संगणकांवर ते बसवलं, तर मी स्वतः येऊन यादी ऐकेन आणि पुस्तक निवडेन. वाचायला प्रेम आहे. निवडायला मला मीच हवी आहे. उत्तराची वाट पाहते.’

खाली ईमेलचा पत्ता होता.

पत्र वाचून मला भरून आलं. भरून आलं की मी पेन काढतो. माझं अक्षर सुंदर आहे असं मला शाळेत एकदा सांगण्यात आलं होतं, आणि त्यानंतर आयुष्यात फारसं काही चांगलं कानावर न आल्यामुळे मी तेवढ्यावरच भागवत आलो आहे. वाचनालयाच्या छापील कागदावर, निळ्या शाईने, समास सोडून मी चार पानी उत्तर लिहिलं. पहिल्या पानाचा रफार मनासारखा आला नाही म्हणून ते पान पुन्हा लिहिलं. पाकिटावर तिकीट लावलं. टपालपेटीच्या तोंडात पाकीट अर्धं घातल्यावर माझ्या लक्षात आलं, की आपण न दिसणाऱ्या बाईला सुंदर अक्षरात पत्र लिहिलं आहे.

ते पत्र प्रेमने तिला वाचून दाखवलं असतं. आणि तिसऱ्या पानावर ‘आपल्या बंधूंच्या अभिरुचीविषयी’ असा एक परिच्छेद होता.

पाकीट मी परत ओढून घेतलं. मग विचार केला, आधी काम करू, मग कळवू. ‘करतो’ म्हणून कळवायचं आणि करायचं नाही, हे बरं नव्हे. ‘जमणार नाही’ म्हणणं तर त्याहून वाईट. या दोन्हींच्या मध्ये आमच्याकडे ‘विचाराधीन’ नावाची फाइल आहे. तिच्यात गेलेली गोष्ट कधी नाकारली जात नाही.

प्रेम दर पंधरवड्याला शनिवारी यायचा. तो स्टेशनजवळ एका दुकानात कामाला होता. तो दारात दिसला की मी संदर्भग्रंथांच्या कपाटामागे जायचो. तिथे एक खिडकी आहे, तिथून काहीतरी पाहत असल्यासारखं उभं राहता येतं. एकदा तो सरळ तिथेच आला.

“काका, ताईने विचारलंय, त्या पत्राचं काय झालं?”

“विचाराधीन आहे,” मी म्हणालो.

“म्हणजे होणार ना?”

“विचार चालू आहे.”

“बरं. मग आज कुठलं नेऊ? मला यातलं काय कळत नाय ओ. मी जाडं बघून नेतो. जाडं म्हणजे चांगलंच असणार ना?”

मला बोलायला हवं होतं. मी मान हलवली, आणि तो आणखी एका थोर पुरुषाला काखेत घालून घेऊन गेला.

यंदा गणपती गेल्यावर तो आला तेव्हा मी कपाटामागे पोहोचण्याआधीच त्याने मला गाठलं.

“काका, ताई म्हणते, दिवाळीनंतर नाव कमी करा. आता ऐकतच नाय ती. मी वाचायला घेतलं की म्हणते, झोप तू, दमलायस. काल म्हणाली, प्रेम, यातलं कोणी मरत का नाही लवकर?” तो हसला, पण नीट हसला नाही. “मला वाटतं मीच वाईट वाचतो.”

“नाही, नाही. तू छान वाचतोस,” मी म्हणालो.

“तुम्हाला काय माहीत?”

त्याच्या बहिणीने लिहिलं होतं म्हणून मला माहीत होतं. पण ते सांगायचं तर पत्राला उत्तर का दिलं नाही, हेही सांगावं लागलं असतं.

पुढच्या रविवारी सभा होती. ‘आलेला पत्रव्यवहार’ या विषयात मी ते पत्र वीजबिलाच्या आणि एका पुस्तक प्रदर्शनाच्या निमंत्रणाच्या मध्ये सरकवलं आणि एका सुरात वाचून टाकलं. कोणाच्या लक्षात येणार नाही अशी माझी समजूत होती. आमच्या खजिनदार प्रमोदिनीबाई, ज्या रविवारी देवघेवीच्या टेबलावरही बसतात, त्यांनी हात पुढे करून पत्र मागितलं.

“काका, यावर तारीख दोन वर्षांपूर्वीची आहे.”

मी टपालखात्यावर ढकलणार होतो. पण वर आमचाच आवकचा शिक्का होता, आणि त्याखाली सही माझी होती. सुंदर अक्षरात.

“राहून गेलं,” मी म्हणालो.

“दोन वर्षं?” असं म्हणून त्यांनी माझ्याकडे फक्त पाहिलं. प्रमोदिनीबाई अशा वेळी जास्त बोलत नाहीत, आणि त्यामुळेच जास्त लागतं.

आता त्या दोन संगणकांविषयी सांगायला हवं. कुठल्याशा निधीतून ते आमच्याकडे आले. आल्या दिवशी त्यांना हार घातला, आणि पुढे दर दसऱ्याला घालत आलो. जुन्या पडद्याच्या कापडाचे अभ्रे शिवून आम्ही त्यांना झाकून ठेवत असू. त्यांच्यावरची मूळ प्रणाली कोणीतरी कुठूनतरी आणून टाकलेली होती, आणि ती खरी नाही असं स्वतः यंत्रच पडद्याच्या कोपऱ्यात कायम लिहून दाखवायचं. आम्ही त्या कोपऱ्यावर झेंडूचं फूल चिकटवलेलं होतं, म्हणजे दसऱ्यापुरतं. हल्ली यंत्रं सुरू व्हायला इतका वेळ लागे की वाचक बटण दाबून पेपर वाचायला जायचे आणि विसरून घरी जायचे.

“ती प्रणाली काढून लिनक्स टाकू,” मैथिली म्हणाली. मैथिली आमच्या समितीतली सगळ्यांत तरुण सभासद, म्हणजे चाळिशीची. माहेर कल्याणचं, राहायला आणि नोकरीला घोडबंदर रोडला. सभेला ती निम्म्या वेळा पोहोचायची आणि निम्म्या वेळा गाडीतूनच फोनवर हजेरी लावायची. “जुन्या मशीनवर मस्त चालेल. स्क्रीन रीडर त्यात येतोच, मराठीसकट. आणि सगळं ओपन सोर्स.”

“म्हणजे फुकट?” अध्यक्ष आनंदराव म्हणाले.

“फुकट नाही म्हणायचं काका, मुक्त.”

“पैसे किती?”

“शून्य.”

“मग फुकटच की गं. आणि फुकट कोणी देतं का? त्यात काहीतरी असणार. उद्या म्हणतील, आता द्या.”

“अहो, ज्यांनी लिहिलंय त्यांनी ते उघडं ठेवलंय. कोणीही घ्या, वापरा, चुकलं असेल तर दुरुस्त करा, दुसऱ्याला द्या.”

“आणि परत कधी करायचं?”

“परत करायचंच नाही.”

“हे तर आपल्या सभासदांसारखंच झालं,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

सगळे हसले. मीही हसलो, पण मला माझी यादी आठवत होती. वाचनालयाची संगणकावरची पुस्तकयादी मी एकट्याने, दोन बोटांनी, कित्येक वर्षं बसून टाइप केलेली आहे. माझ्या आयुष्यातलं तेवढंच एक मोठं काम. लेख वगैरे मी लिहिले, त्यांचं एक पुस्तकही झालं, पण त्याच्या प्रती मलाच भेट द्याव्या लागल्या आणि काही जणांनी त्या वाचनालयाला भेट दिल्या. यादीचं तसं नव्हतं. यादी खरोखर लागत होती. नव्या प्रणालीवर तिचं काय होईल, ही भीती मला होती. मी ती बोलून दाखवली नाही. ठराव लिहून घेतला, सूचक मैथिली, अनुमोदक प्रमोदिनीबाई, आणि शेवटी ‘सर्वानुमते’ असं लिहिलं.

पुढच्या रविवारी मैथिली पेन ड्राइव्ह घेऊन आली आणि तासाभरात दोन्ही यंत्रं अभ्र्यातून बाहेर येऊन चालू लागली. मी तिच्या मागे उभं राहून मदत करत होतो, म्हणजे चष्मा पुसत होतो. तिने बोलणारं सॉफ्टवेअर सुरू केलं. आवाज मराठीच होता, पण घशाला फडकं बांधून दुरून कोणी बोलावं तसा. बातम्यांचं एक पान त्याने धडाधडा वाचलं. पेपर वाचत बसलेल्यांनी माना वर केल्या. आनंदराव म्हणाले, “थोडा सर्दीवाला आहे, पण कळतंय.”

“आता तुमची यादी,” मैथिली म्हणाली आणि तिने फाइल उघडली.

पडद्यावर यादी नव्हतीच. इंग्रजी अक्षरं, डॉलर, टक्के, कंस, चौकोन यांचा एक ढीग होता. आणि यंत्र तो ढीग तितक्याच निष्ठेने वाचायला लागलं. “के, स्लॅश, डॉलर, डॉलर, एक्स, टक्के, कंस सुरू…”

“टिपणीस,” आनंदराव म्हणाले, “इतकी वर्षं तुम्ही आत बसून हे करत होतात?”

“बंद कर,” मी मैथिलीला म्हणालो.

तिने बंद केलं, आणि मला समजावून सांगितलं. त्या काळातल्या आमच्या फॉन्टमध्ये अक्षर दिसायचं मराठी, पण यंत्राच्या लेखी ते इंग्रजीच असायचं. इंग्रजी अक्षरांना मराठी मुखवटे घातलेले. मुखवटा काढला की हे. “तो फॉन्ट इथे टाकला तर दिसेल पूर्वीसारखं,” ती म्हणाली, “पण ऐकू मात्र हेच येईल. दिसणाऱ्यांपुरती यादी आहे काका ही.”

मला घरी जावंसं वाटलं. आपलं अख्खं काम ज्यांना डोळे आहेत त्यांच्यापुरतंच होतं, आणि तेही त्यांना एक विशिष्ट फॉन्ट असेल तरच. मी कपाटामागच्या खिडकीकडे जायला निघालो. प्रमोदिनीबाई वाटेत होत्या.

“तिकडे काही नाहीये काका,” त्या म्हणाल्या. “नाव कमी करायचं प्रेम टेबलावरही सांगून गेलाय. दिवाळीला किती दिवस उरले?”

मी परत खुर्चीवर येऊन बसलो.

मैथिलीला एक कन्व्हर्टर सापडला. जुन्या फॉन्टमधला मजकूर खऱ्या मराठीत आणणारा, कोणा अनोळखी लोकांनी लिहून उघडा ठेवलेला. आमचा फॉन्ट मात्र त्याला निम्माच येत होता. यादी त्यातून काढली तेव्हा जोडाक्षरं सुटी पडली होती, वेलांट्या घर सोडून गेल्या होत्या, आणि रफार शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसले होते. पण शब्द होते. लेखक ओळखू येत होते, पूर आलेल्या गावातली माणसं ओळखू यावीत तसे.

“कुठल्या बटणावर कुठलं अक्षर होतं, आठवतंय का काही?” मैथिलीने विचारलं.

आठवत नव्हतं. पण बोटं कीबोर्डवर ठेवली की ती आपोआप तिथे जात होती. मग आम्ही असं केलं, की मी डोळे मिटून जुन्या पद्धतीने ‘ज्ञानेश्वर’, ‘कर्तव्य’, ‘शुश्रूषा’ असं काहीबाही टाइप करायचं आणि माझं बोट कुठे गेलं ते तिने टिपून कन्व्हर्टरमध्ये भरायचं. वाचणाऱ्या लोकांना वाटलं, मला काहीतरी होतंय. दुसऱ्या रविवारच्या संध्याकाळपर्यंत यादी सरळ झाली. मैथिलीने ती दुरुस्ती कन्व्हर्टर लिहिणाऱ्या लोकांना परत पाठवली आणि मदत करणाऱ्यांत माझं नाव घातलं. माझ्या पुस्तकापेक्षा हे जास्त लोक वाचतील, असं ती म्हणाली. तिला माझ्या पुस्तकाचा खप माहीत नव्हता, नाहीतर ती एवढ्यावर थांबली नसती.

“आता तुम्ही ताई व्हा,” ती म्हणाली. “डोळे मिटा आणि खुनाचं पुस्तक शोधून दाखवा.”

मी डोळे मिटले आणि ‘रहस्यकथा’ टाइप केलं.

“काही सापडले नाही,” यंत्र म्हणालं.

“परत बघा.”

“काही सापडले नाही.”

“असं कसं?” प्रमोदिनीबाई टेबलावरून म्हणाल्या. “मागच्या खोलीत दोन कपाटं भरून आहेत. बायका तीच नेतात.”

मला कारण माहीत होतं. मी डोळे मिटलेलेच ठेवले, कारण उघडायची हिंमत नव्हती. यादी करताना विभाग मी पाडले होते. काव्य, नाटक, चरित्र, तत्त्वज्ञान, ललित. रहस्यकथा मला पुस्तकं वाटत नव्हती. त्या मी सगळ्या ‘किरकोळ’मध्ये टाकल्या होत्या. रांगोळीची पुस्तकं, लोणच्यांच्या कृती, रेल्वेची जुनी वेळापत्रकं आणि खून.

“किरकोळ,” मैथिली पडद्यावर वाचत म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. “काका, तुम्ही यातलं एक तरी वाचलंय?”

“नाही.”

“मग किरकोळ आहे हे कसं कळलं?”

म्हणजे दोन वर्षांपूर्वी संगणक बोलके झाले असते, तरी त्या बाईंना चरित्रच हाती लागलं असतं. लिनक्स नव्हतं हे खरं, पण वाटेत मी होतो.

पुढचा आठवडा मी मागच्या खोलीत काढला. कुठल्या पुस्तकात खरोखर खून आहे आणि कुठल्यात नुसती चोरी, हे पाहिल्याशिवाय विभाग करता येईना, कारण पत्रात खून म्हटलं होतं. मी पहिलं पुस्तक चाळायला घेतलं आणि संपवूनच उठलो. दुसऱ्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. तिसऱ्याच्या वेळी प्रमोदिनीबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “तो डॉक्टर नाही हं.” मला त्यांचा इतका राग आला की मी दिवसभर त्यांच्याशी बोललो नाही. मग संध्याकाळी जाऊन विचारलं, की मग कोण.

“विचाराधीन,” त्या म्हणाल्या.

नवा विभाग तयार झाला. उरलं पत्र.

नव्या प्रणालीतल्या लिहायच्या प्रोग्राममध्ये मी उत्तर लिहिलं. पानभर झालं. मग मला वाटलं, ते त्यांना ऐकू कसं येईल हे एकदा पाहावं. मी यंत्राला वाचायला लावलं.

“आपले पत्र यथावकाश हस्तगत झाले,” यंत्र त्या सर्दीच्या आवाजात म्हणालं. “तथापि कार्यबाहुल्यामुळे प्रत्युत्तरास अनवधानाने विलंब…”

“कार्यबाहुल्य कोणाचं?” प्रमोदिनीबाईंनी टेबलावरून विचारलं.

कागदावर ते वाक्य वाईट दिसत नव्हतं. माझ्या अक्षरात तर छानच दिसलं असतं. पण त्या सपाट आवाजाला कशाचीच भीड नव्हती. खोटं त्यात फार स्पष्ट ऐकू येत होतं. मी ‘कार्यबाहुल्य’ खोडलं. मग ‘अनवधान’ खोडलं. पुन्हा ऐकलं, पुन्हा खोडलं. वाचनालयातले लोक आता वर बघेनासे झाले होते. पानभराचं पत्र उतरत उतरत एवढं राहिलं:

‘प्रीतीताई,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मी भित्रा आहे. वाचनालयातले दोन्ही संगणक आता बोलतात. आवाज गोड नाही, पण कळतो. यादीत “रहस्यकथा” असा विभाग आजपासून आहे. तो आधीच असायला हवा होता. नुसत्या चोरीची पुस्तकं वेगळी काढली आहेत. यादी सोबत जोडली आहे, ती घरीही ऐकता येईल, पण तुम्ही इथे यावं अशी विनंती आहे. रविवारी सकाळी मी असतो. तुमचं नाव कमी केलेलं नाही.

प्रेमचं वाचन छान आहे, असं तुम्ही लिहिलं होतं. मी ते त्याला सांगितलं नाही. तुम्ही सांगा.

टिपणीस, कार्यवाह’

“जाऊ दे?” मी मैथिलीला विचारलं. ती दारात गाडीची किल्ली हातात घेऊन उभी होती.

“मला काय विचारता? तुमचं पत्र आहे.”

मी पत्त्याचं एकेक अक्षर मूळ पत्राशी ताडून पाहिलं. यादी जोडली. जोडली गेली की नाही ते पुन्हा पाहिलं. आणखी काय तपासता येईल ते शोधत होतो, पण काही उरलं नव्हतं. मग मी बाणाची कळ दाबत दाबत खाली आलो, आणि यंत्र म्हणालं, “पाठवा. बटण.”

मी पाठवलं.